क्लासिक मोटारीच्या चॅसिसचे मोजमाप: नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

जुनी मोटार पुन्हा उभी करताना रंग, आसने, क्रोम आणि इंजिन यांकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु हे सारे ज्या सांगाड्यावर बसते ती चॅसिस सरळ आहे की नाही, हे मोजून पाहण्याचे काम पुष्कळदा मागे पडते. मग दरवाजे कितीही ठाकठीक केले तरी लागत नाहीत, नवे टायर एका बाजूने झिजतात आणि व्हील अलाइनमेंट करूनही गाडी एका अंगाला ओढतच राहते. चॅसिसचे मोजमाप हे महागड्या यंत्रांवाचूनही करता येणारे काम आहे. ओळंबा, चांगली मेजपट्टी, पाण्याची नळी आणि भरपूर सावधपणा एवढ्या सामग्रीवर नवशिक्याही विश्वासार्ह निष्कर्षापर्यंत पोहोचू शकतो. मात्र एक गोष्ट आरंभीच समजून घ्यावी लागते. चॅसिसवरचे कोणतेही एक माप ती सरळ असल्याचे सिद्ध करत नाही. प्रत्येक मापाला काही दोष दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत, म्हणून लांबी, कर्ण, मध्यरेषा आणि उंची या सर्वांचा एकत्र विचार केल्यावाचून निर्णय देऊ नये.

कोणते दोष शोधायचे आहेत

बहुतेक जुन्या मोटारींची चॅसिस शिडीसारखी असते, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर. अशा चॅसिसमध्ये मुख्यतः पाच प्रकारचे दोष आढळतात. रेल मधोमध खाली बसली असेल तर त्याला झोळ म्हणावे. पुढचा, मधला किंवा मागचा भाग डावीकडे वा उजवीकडे सरकला असेल तर तो बाजूचा बाक होय. धडकेमुळे रेल चेपून तिची लांबी कमी झाली असेल तर आखूडपणा येतो. एक रेल दुसरीच्या तुलनेत पुढे किंवा मागे ढकलली गेली असेल, तर काटकोनी चौकट समांतरभुज होते आणि तिरकेपणा येतो. चॅसिसचा एक कोपरा उचलला जाऊन समोरच्या टोकाची पातळी मागच्या टोकाच्या पातळीशी जुळेनाशी झाली, तर तो पीळ समजावा. प्रत्यक्षात हे दोष क्वचितच एकेकटे येतात. पुढच्या कोपऱ्यावर बसलेली एकच धडक बाक, झोळ आणि आखूडपणा हे तिन्ही दोष एकाच वेळी निर्माण करू शकते.

सर्वच गाड्यांची चॅसिस शिडीसारखी नसते. १९५८ ते १९६४ या काळातील मोठ्या आकाराच्या शेव्हरले गाड्यांचा सांगाडा इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा होता आणि त्यांच्या मधल्या भागात बाजूच्या रेल नव्हत्याच. १९६२ साली आलेल्या लोटस एलानला मधोमध कण्यासारखी एकच पोलादी पेटी होती. म्हणून मोजमापाला हात घालण्यापूर्वी आपल्या गाडीची रचना कोणत्या प्रकारची आहे, हे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे आणि त्यातील चॅसिसची आकृती मोठ्या कागदावर उतरवून घ्यावी.

गाडी सुटी करण्यापूर्वी

पाना लावण्याच्या आधीच काही निरीक्षणे नोंदवून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे, कारण बॉडी उतरल्यावर ही माहिती कायमची निघून जाते. सपाट जागेवर गाडी उभी करावी, चाके सरळ ठेवावीत आणि प्रत्येक दरवाजाच्या चारही बाजूंची फट मोजून लिहावी. मडगार्ड आणि दरवाजा यांमधील फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल, तर चॅसिसमध्ये झोळ असण्याची शक्यता आहे. याच्या उलट दिसत असेल, तर पुढचे टोक खाली झुकले असू शकते. ही केवळ लक्षणे आहेत, कारण बिजागऱ्या झिजल्यामुळे किंवा बॉडीखालचे रबर चेपल्यामुळेही असेच दिसते.

त्यानंतर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजेच व्हीलबेस, दोन्ही बाजूंनी मोजावे. ही दोन अंतरे सारखी असावीत, असे आपण सहज गृहीत धरतो. पण ते प्रत्येक गाडीला लागू नाही. १९६१ साली आलेल्या रेनॉ ४ या गाडीत मागच्या चाकांचे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) एकापुढे एक आडवे बसवलेले असल्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूंच्या व्हीलबेसमध्ये कारखान्यातूनच सुमारे ५ सेंटीमीटर फरक ठेवलेला होता. हे ठाऊक नसलेला मनुष्य एखादी निर्दोष गाडी ‘सरळ’ करायला घेऊन तिचे नुकसान करून बसेल. शिवाय झिजलेले बुश (सांध्यांतील नळीसारखे अस्तर) आणि सैल झालेले पाट्यांचे शॅकल (स्प्रिंगच्या पाट्या चॅसिसला जोडणाऱ्या कड्या) यांमुळेही व्हीलबेस बदललेला दिसतो. म्हणून या मापावरून चॅसिसविषयी निष्कर्ष काढू नये. कुठे बारकाईने पाहावे याचा संकेत म्हणून त्याचा उपयोग करावा.

रेल हाताने चाचपून पाहाव्यात. सुरकुती, सोललेला रंग, जुन्या वेल्डिंगचा ठिपका, नंतर जोडलेली पट्टी, ताणून लांबट झालेले छिद्र या सर्व जागा आकृतीवर खुणेने दाखवाव्यात. गंजाची तपासणीही याच वेळी करावी. लहान हातोडीने ठोकले असता खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर त्या भागातील पत्रा पातळ झालेला आहे, असे समजावे. गंजलेली रेल ओढून सरळ करण्याचा प्रयत्न केल्यास ती फाटते. अशा रेलचे मोजमाप अवश्य घ्यावे, पण ते सरळ करण्यासाठी नसून नवा तुकडा कोठे व कोणत्या कोनात बसवायचा हे ठरवण्यासाठी असते.

साधने

मोठ्या वर्कशॉपमध्ये ट्रॅम गेज (दोन सरकत्या टोकांची मापदांडी), स्वतःहून मध्य दाखवणारे सेंटरिंग गेज आणि लेसर किंवा संगणकावर चालणारी मापनयंत्रे असतात. घरच्या गॅरेजात त्यांच्यावाचून अडत नाही. टोकदार आणि वजनदार ओळंबा, न ताणला जाणारा बारीक दोरा, खडूचे सूत, ५ मीटरची पोलादी मेजपट्टी, एक मीटरची सरळ धातूची पट्टी, गुण्या, पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, मास्किंग टेप आणि बारीक टोकाची पेन्सिल एवढे पुरेसे आहे. आडवी रेषा टाकणारे लेसर उपकरण मिळाले तर उंची मोजण्याचे काम सोपे होते.

मेजपट्टीविषयी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. पट्टीच्या टोकाचा आकडा (हूक) मुद्दामच थोडा सैल असतो. तो आतून टेकवताना आणि बाहेरून अडकवताना आपल्या जाडीएवढा सरकतो, आणि जुन्या पट्टीत हा सैलपणा वाढलेला असतो. चॅसिसवर मात्र आपण छिद्राच्या मध्यापासून मोजत असल्यामुळे हा हूक वापरूच नये. १०० मिलिमीटरची खूण आरंभबिंदूवर धरावी आणि आलेल्या मापातून १०० वजा करावेत. दुसरे असे की, संपूर्ण कामात एकच मेजपट्टी वापरावी आणि शक्यतो दुसऱ्या टोकाला एकच साहाय्यक असावा, म्हणजे पट्टीची किंवा ताणाची जी काही लहानशी चूक असेल ती सर्व मापांत सारखीच राहते आणि डाव्या-उजव्या तुलनेत तिचा उपद्रव होत नाही.

जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन मॅन्युअलमध्ये मापे इंचांत आणि इंचाच्या अपूर्णांकांत दिलेली असतात. १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. आकृतीवरची सर्व मापे आधी मिलिमीटरमध्ये बदलून लिहून ठेवावीत. गाडीखाली आडवे पडून डोक्यात गणित करत बसू नये.

चॅसिस आधारावर ठेवणे

नवशिक्यांकडून सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा टप्पा हाच आहे. काँक्रीटच्या पक्क्या फरशीवर काम करावे. गाडी जॅकने उचलून लगेच भक्कम जॅक स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही कधीही जाऊ नये आणि विटा किंवा पोकळ ब्लॉक आधार म्हणून वापरू नयेत, कारण ते पूर्वसूचना न देता फुटतात. बॅटरी सोडून ठेवावी. इंधनाची टाकी रिकामी करून बाहेर काढली तर अधिक चांगले.

बॉडी आणि इंजिन जागेवर असतील, तर स्टँड शक्यतो सस्पेन्शन जेथे चॅसिसला जोडलेले असते त्या जागांजवळ द्यावेत, म्हणजे वजन चाकांवर असताना चॅसिसवर जसे येते जवळपास तसेच येईल. बॉडी उतरवलेली मोकळी चॅसिस मात्र वाटते त्याहून लवचीक असते. ती चार स्टँडवर ठेवली आणि चारही ठिकाणी टेकावी म्हणून एखाद्या स्टँडची उंची वाढवली, तर आपण आपल्या हातानेच तिच्यात पीळ भरतो किंवा असलेला पीळ लपवतो. यावर उपाय म्हणून मोकळी चॅसिस तीन बिंदूंवर ठेवावी: एका टोकाला दोन्ही रेलखाली एकेक आधार आणि दुसऱ्या टोकाला क्रॉसमेंबरच्या मध्याखाली एक. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, त्यामुळे एकच आधार असलेल्या टोकाचे दोन्ही कोपरे आपल्या नैसर्गिक जागी राहतात आणि पीळ असेल तर तो उघड दिसतो. ज्या टोकाला एकच आधार आहे तेथे दोन्ही रेलखाली, न टेकतील अशा बेताने, सुरक्षेचे दोन स्टँड ठेवून द्यावेत.

आधार कोठे दिले, बॉडी किंवा इंजिन वर होते की नव्हते, हे वहीत लिहावे. दुरुस्तीनंतरचे माप नेमके याच स्थितीत घ्यायचे आहे. तसेच उन्हात एक बाजू तापत असेल तर मोजमाप करू नये. ३ मीटर लांबीची पोलादी रेल २० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे ०.७ मिलिमीटर लांब होते. संपूर्ण चॅसिस आणि पोलादी पट्टी सारखीच तापली तर फारसे बिघडत नाही, परंतु एकच रेल तापली तर चॅसिस किंचित वाकते.

मोजण्याचे बिंदू

कारखान्यात पाडलेली मूळ छिद्रे हे सर्वांत विश्वासाचे बिंदू होत: बॉडी बसवण्याची छिद्रे, पाट्यांच्या आणि सस्पेन्शनच्या आर्मच्या बोल्टची छिद्रे आणि चॅसिस तयार करताना साच्यात धरण्यासाठी ठेवलेली छिद्रे. रेलची कड, वेल्डिंगची शिवण किंवा नंतर जोडलेले ब्रॅकेट यांवरून मोजू नये. स्टिअरिंग बॉक्स, इंजिनाचे माउंट आणि एक्झॉस्टचे ब्रॅकेट दोन्ही बाजूंना सारखे नसतात, म्हणून डाव्या-उजव्या तुलनेसाठी त्यांचा उपयोग नाही.

पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत निदान पाच किंवा सहा जोड्या निवडाव्यात, प्रत्येक जोडीत डावीकडचा एक आणि उजवीकडचा तोच बिंदू असावा, आणि प्रत्येक बिंदूला चॅसिसवर व आकृतीवर एकच नाव द्यावे. छिद्राभोवतीचा गंज व रंग तारेच्या ब्रशने काढून टाकावा. माप नेहमी छिद्राच्या मध्यापासून मध्यापर्यंत असते. दोन्ही छिद्रे सारख्याच व्यासाची असतील, तर एकाच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्याच्या पुढच्याच कडेपर्यंत मोजले तरी तेच उत्तर येते. व्यास वेगळे असतील, तर एकदा आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत आणि एकदा बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजावे व दोहोंची सरासरी घ्यावी.

ओळंब्याने चॅसिस फरशीवर उतरवणे

या पद्धतीत फार मोठे सामर्थ्य आहे, आणि शिकणाऱ्याने आरंभ येथूनच करावा, असे माझे ठाम मत आहे. ओळंबा प्रत्येक बिंदूच्या मध्यातून खाली सोडावा, तो पूर्ण स्थिर होऊ द्यावा, आणि टोकाखालच्या फरशीवर आधी चिकटवलेल्या मास्किंग टेपवर बारीक फुली करून बिंदूचे नाव लिहावे. वाऱ्याने ओळंबा हलत असेल तर दारे-खिडक्या बंद कराव्यात. सर्व बिंदू उतरवून झाल्यावर आणि दुसऱ्यांदा तपासल्यावर चॅसिस बाजूला नेता आली तर न्यावी. मग फरशीवर तिचा संपूर्ण आराखडा मोकळा मिळतो आणि प्रत्येक माप सरळ, अडथळ्यावाचून घेता येते.

याचा दुसरा लाभ मापाच्या प्रकाराशी निगडित आहे. मॅन्युअलमधील लांबी दोन प्रकारांनी दिलेली असू शकते: आराखड्यातील, म्हणजे वरून पाहिल्यावर दिसणारे आडवे अंतर, किंवा एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतचे थेट अंतर. समजा, दोन बिंदूंमधील आडवे अंतर २,००० मिलिमीटर आहे आणि त्यांच्या उंचीत १५० मिलिमीटरचा फरक आहे. तर थेट अंतर सुमारे २,००५.६ मिलिमीटर येते. हा साडेपाच मिलिमीटरचा फरक दोष नाही, परंतु आकृती नीट न वाचणाऱ्याला तो दोष वाटेल. ओळंब्याने उतरवलेले माप नेहमी आडवेच असते, त्यामुळे हा गोंधळ टळतो. फरशीला थोडा उतार असला तरी लांबी-रुंदीच्या मापांत फारसा फरक पडत नाही. १ अंशाच्या उतारावर २,४०० मिलिमीटरमध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी चूक येते. उंचीची मापे मात्र फरशीवरून घेऊ नयेत.

आता प्रत्येक जोडीतील दोन फुल्या सरळ रेषेने जोडाव्यात आणि त्या रेषेचा मध्यबिंदू काढावा. चॅसिसचा जो भाग धडकेपासून दूर आणि निर्दोष वाटतो, बहुधा मधला, त्यातील दोन मध्यबिंदूंवरून खडूचे सूत ताणून मध्यरेषा मारावी आणि ती दोन्ही टोकांकडे वाढवावी. हे दोन मध्यबिंदू एकमेकांपासून शक्य तितके दूर असावेत. ते १,२०० मिलिमीटर अंतरावर असतील आणि पुढच्या बिंदूत १ मिलिमीटरची चूक झाली असेल, तर तेथून आणखी १,८०० मिलिमीटर पुढे गेल्यावर तीच चूक अडीच मिलिमीटरची होते, आणि आपण नसलेला बाक शोधत बसतो. उरलेले मध्यबिंदू या रेषेवर पडतात का, हे पाहावे. पुढचे मध्यबिंदू क्रमाक्रमाने एका बाजूला सरकत गेले असतील, तर पुढच्या भागाला बाजूचा बाक आहे आणि तो नेमका कोठून सुरू होतो हेही त्याच रेषेवरून कळते.

यानंतर कर्ण मोजावेत. एका जोडीचा डावा बिंदू आणि पुढच्या जोडीचा उजवा बिंदू यांतील अंतर, आणि त्याच्या उलट अंतर, ही दोन्ही सारखी असली पाहिजेत. चॅसिस पुढे अरुंद आणि मागे रुंद असली तरीही हा नियम लागू पडतो, कारण दोन्ही बाजू सममित असतात. कर्णांचा फरक वाचताना मात्र त्याचा अर्थ समजून घ्यावा. २,४०० मिलिमीटर लांब आणि ८०० मिलिमीटर रुंद अशा चौकटीचा प्रत्येक कर्ण सुमारे २,५३० मिलिमीटर असतो. तिची एक रेल १० मिलिमीटर पुढे सरकली, तर एक कर्ण सुमारे २,५३९ आणि दुसरा सुमारे २,५२० होतो. कर्णांतील फरक जवळपास १९ मिलिमीटर दिसतो, प्रत्यक्षातील सरकणे त्याच्या निम्मे असते. लांबट चौकटीत फरक असा दुपटीच्या आसपास दिसतो, आणि तेवढेच्या तेवढे ओढायला गेलेला मनुष्य चॅसिस दुसऱ्या दिशेला वाकवतो.

कर्ण असमान आले म्हणून लगेच तिरकेपणा आहे असेही ठरवू नये, कारण बाजूच्या बाकामुळेही कर्ण असमान होतात. या दोहोंतील भेद फरशीवरच्या आराखड्यात स्वच्छ दिसतो. बाक असेल तर जोडीचा मध्यबिंदू मध्यरेषेवरून बाजूला सरकतो. निव्वळ तिरकेपणा असेल तर मध्यबिंदू रेषेवरच राहतात, परंतु डावा-उजवा बिंदू जोडणारी रेषा मध्यरेषेला काटकोनात राहत नाही. काटकोन पडताळण्यासाठी लहान गुण्यावर विसंबू नये. फरशीवर ९००, १,२०० आणि १,५०० मिलिमीटर बाजूंचा त्रिकोण आखावा. त्यातील पहिल्या दोन बाजूंमधील कोन नेमका काटकोन असतो.

कर्णांची मर्यादाही लक्षात ठेवावी. दोन्ही रेल सारख्याच आखूड झाल्या असतील तर कर्ण सारखेच येतील, म्हणून प्रत्येक भागाची लांबी मॅन्युअलशी स्वतंत्रपणे ताडून पाहावी लागते. आणि पीळ तर कर्णांना जवळजवळ दिसतच नाही. २,५३० मिलिमीटरच्या कर्णाचे एक टोक १० मिलिमीटर वर उचलले गेले, तर त्याच्या लांबीत केवळ ०.०२ मिलिमीटरचा फरक पडतो. मेजपट्टीवर तो वाचता येणे अशक्य आहे. ‘कर्ण जुळले, म्हणजे चॅसिस सरळ आहे’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. ते अपुरे आहे आणि त्यावर विसंबून पुढचे काम करू नये.

उंची, झोळ आणि पीळ

उंचीसाठी एक काल्पनिक सपाट पातळी लागते. मॅन्युअलमध्ये तिला डेटम म्हणतात आणि आकृतीतील सर्व उंची तिच्यापासून दिलेल्या असतात. लेसर उपकरण असेल तर त्याची आडवी रेषा चॅसिसच्या खालून जाईल असे ते ठेवावे आणि प्रत्येक बिंदूपासून रेषेपर्यंतचे उभे अंतर मोजावे. नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून तोच हेतू साधता येतो: नळीची दोन्ही टोके उघडी असली आणि आत हवेचा एकही बुडबुडा नसला, तर दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीला येते. पाण्यात थोडा रंग मिसळला तर पातळी वाचणे सोपे जाते. नळीचे एक टोक एका स्टँडवर पक्के बांधून दुसरे प्रत्येक बिंदूपाशी न्यावे. टोक हलवताना पाणी सांडले तर आधीची सर्व वाचने रद्द समजून पुन्हा आरंभ करावा.

प्रथम मधल्या निर्दोष भागातील एका जोडीचे डावे-उजवे बिंदू एकाच उंचीवर आणावेत, आणि मग मधल्याच दुसऱ्या जोडीतील एक बिंदू मॅन्युअलमधील फरकाप्रमाणे वर किंवा खाली करावा. येथे आपली पातळी निश्चित झाली. आता उरलेल्या सर्व बिंदूंच्या उंची मोजून आकृतीशी ताडाव्यात. ॲक्सलच्या वरून जाताना बहुतेक रेल मुद्दामच कमानीसारख्या उचललेल्या असतात, म्हणून रेल सरळ दिसत नाही याला झोळ म्हणू नये. जो भाग आकृतीत सरळ आहे तेवढ्यापुरता एक चांगला पडताळा आहे. त्या भागाच्या दोन्ही टोकांना अगदी सारख्या जाडीचे ठोकळे लावून त्यांवरून दोरा घट्ट ताणावा आणि दर २०० मिलिमीटरवर दोरा व रेल यांमधील अंतर मोजावे. हाच दोरा रेलच्या बाजूने ताणला तर बाजूचा बाकही दिसतो.

पीळ ओळखताना पुष्कळांची फसगत होते, कारण एका बाजूला कललेली चॅसिस आणि पिळलेली चॅसिस नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसते. नियम असा आहे: पुढच्या जोडीतील डाव्या व उजव्या उंचीचा फरक काढावा, मागच्या जोडीतील फरक त्याच क्रमाने काढावा आणि दोहोंची वजाबाकी करावी. पुढे डावी बाजू ६ मिलिमीटर वर आणि मागेही डावी बाजू ६ मिलिमीटर वर असेल, तर वजाबाकी शून्य येते. चॅसिस केवळ कललेली आहे, तिच्यात पीळ नाही. पुढे डावी बाजू ६ मिलिमीटर वर आणि मागे उजवी बाजू २ मिलिमीटर वर असेल, तर पीळ ८ मिलिमीटरचा आहे. पुढच्या आणि मागच्या जोडीची रुंदी खूप वेगळी असेल तर हे फरक आधी एकाच रुंदीवर आणून मग वजा करावेत. सेंटरिंग गेज मिळत असतील, तर ते एकामागे एक टांगून समोरून एका डोळ्याने पाहिल्यावर त्यांच्या आडव्या पट्ट्या समांतर आहेत की नाहीत हे तत्काळ दिसते. आकडा मात्र तरीही मोजूनच काढावा.

नोंदी आणि निर्णय

प्रत्येक माप तीनदा घ्यावे, आणि आधीचा आकडा पाहून पुढचा वाचू नये. तीन वाचनांत १ मिलिमीटरहून अधिक तफावत असेल, तर दोष चॅसिसमध्ये शोधण्याआधी आपल्या पद्धतीत शोधावा. कोष्टकात बिंदूचे नाव, मॅन्युअलमधील माप, प्रत्यक्ष माप आणि फरक असे चार रकाने असावेत.

किती फरक चालतो, याचे उत्तर त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच पाहावे. आधुनिक दुरुस्तीत सर्वसाधारणपणे ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य केला जातो, जो जुन्या भाषेत १/८ इंचाच्या जवळपास येतो. जुन्या चॅसिस कारखान्यातूनच आजच्याएवढ्या काटेकोर निघत नसत, त्यामुळे २ मिलिमीटरच्या फरकापायी निरोगी चॅसिस ओढण्याचा मोह टाळावा. सस्पेन्शन जोडण्याच्या बिंदूंबाबत मात्र मी अधिक कठोर राहण्याचा आग्रह धरीन, कारण तेथील चूक थेट चाकाच्या कोनांत उतरते आणि ॲडजस्टमेंटची मर्यादा संपली की ती सुधारता येत नाही.

मॅन्युअल उपलब्ध नसेल, तर डाव्या-उजव्या बाजूंची तुलना पुष्कळ काही सांगते, पण दोन्ही बाजूंना सारखाच झालेला बदल ती दाखवू शकत नाही. अशा वेळी त्याच मॉडेलची आणि त्याच वर्षाच्या आसपासची, धडक न बसलेली दुसरी गाडी शोधून तीच मापे घ्यावीत. त्या गाडीच्या मालकांच्या संघटनांकडे जुन्या आकृत्या बहुधा जपलेल्या असतात. तेथून मिळालेल्या आकृतीत माप छिद्राच्या मध्यापासून आहे की कडेपासून, आडवे आहे की थेट, याची खातरजमा केल्यावाचून ती प्रमाण मानू नये.

निर्णय घेताना पीळ आणि तिरकेपणा आधी पाहावा. हे दोष संपूर्ण चौकटीचे असतात. ते तसेच ठेवून एखाद्या टोकाचा बाक काढला, तर चौकट सरळ करताना ते टोक पुन्हा हलते. चॅसिस ओढण्याचे काम मात्र नवशिक्याने स्वतः करू नये. साखळी सुटली किंवा क्लँप निसटला तर प्राणघातक इजा होऊ शकते. आपण नीट घेतलेले कोष्टक घेऊन अनुभवी कारागिराकडे जावे.

मोनोकॉक गाड्यांविषयी थोडेसे

स्वतंत्र चॅसिस नसलेल्या गाड्याही काही आजच्या नव्हेत. लान्सिया लॅम्ब्डा १९२२ साली आणि सिट्रोएन ट्रॅक्सिओं अव्हाँ १९३४ साली आली. १९६२ च्या एमजीबीचीही बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. अशा गाड्यांत सस्पेन्शनचे माउंट आणि तळाच्या पत्र्यातील मूळ छिद्रे हे बिंदू धरून वरचीच पद्धत वापरावी, आणि दरवाजांच्या व विंडस्क्रीनच्या चौकटींचे कर्णही मोजावेत. दरवाजाखालचा गंजलेला सिल कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवे-तिरके लोखंडी टेकू वेल्ड करावेत, अन्यथा कापताक्षणी गाडी मधोमध बसू शकते, आणि उघड्या छताच्या गाडीत हा धोका सर्वांत मोठा असतो.

दुरुस्ती चालू असताना

वेल्डिंग थंड होताना आकसते आणि सरळ असलेली रेल आपल्याकडे ओढून घेते. म्हणून नवा क्रॉसमेंबर किंवा रेलचा तुकडा आधी केवळ वेल्डिंगच्या लहान टाक्यांनी जोडावा, कर्ण, मध्यरेषा आणि उंची पुन्हा तपासावी, आणि मगच डावी-उजवीकडे आळीपाळीने थोडी थोडी शिवण पूर्ण करावी; प्रत्येक टप्प्यानंतर धातू हाताला गार लागेपर्यंत थांबून मोजावे. काम संपल्यावर चॅसिस पहिल्या वेळी होती त्याच आधारांवर ठेवून संपूर्ण कोष्टक नव्याने भरावे. त्यानंतर रंगकाम करावे आणि बॉडी बसवावी. पुष्कळ गाड्यांत बॉडी आणि चॅसिस यांमध्ये कारखान्यातच पातळ चकत्या दिलेल्या असतात. सोडताना त्या प्रत्येक बोल्टजवळ किती होत्या हे लिहून ठेवलेले असेल, तर त्याच संख्येने आरंभ करावा आणि दरवाजांच्या फटी पाहून त्यांत बदल करावा. बॉडी पूर्ण बसून दरवाजे लागेपर्यंत फरशीवरच्या खुणा पुसू नयेत.